परवाना आला, आता पुढे? रोज कमरेला पिस्तूल बाळगू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पिस्तूल घेण्याआधी पट्टा घ्या.

आमच्या परभणीच्या मोंढ्यात नवा परवाना आलेला जो कोणी भेटतो त्याला मी हे सांगतो आणि तो हसतो. तरी सांगतो. दीड इंच रुंद, दोन पदरी, हातात धरला तर मान न टाकणारा चामड्याचा पट्टा शिवून घ्यायचा. मग दुकानातलं पाचशे ग्रॅमचं आणि दोनशे ग्रॅमचं वजन एका जाड कापडी पाकिटात घालून ते पाकीट उजव्या कमरेला पट्ट्यात अडकवायचं आणि पंधरा दिवस नेहमीसारखं वागायचं. जिनिंगवर जा, मोटारसायकलवर सेलूला जाऊन या, सौद्याला बसा, पंगतीत मांडी घालून जेवा, शौचाला जा. .३२ चं लहान पिस्तूल भरलेल्या मॅगझिनसह (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीसह) पाऊण किलोच्या आसपास भरतं. ते अंगावर कुठे रुततं, कुठे सरकतं आणि कुठे विसरतं, हे पंधरा दिवसांत कळतं.

परवा एक तरुण गुत्तेदार आला. "काका, परवाना झाला. कोणतं घेऊ?" मी त्याच्या हातात दोन वजनं ठेवली. "हे काय करायलाव काका, चेष्टा का?" म्हणाला. चौथ्या दिवशी फोन आला: "काका, ड्रायव्हिंग करताना सीटबेल्टचं बक्कल त्याच्यावरच येतंय." याचसाठी वजनं दिली होती. दुकानदार या गोष्टी सांगत नाही, कारण त्याला त्या विचारल्याच जात नाहीत.

मी पंधरा-सोळा वर्षांपासून परवानाधारक आहे. आडत आणि जिनिंगमध्ये भागीदारी. कापसाच्या हंगामात रोकड हलवायची पाळी येते, म्हणून अर्ज केला होता. एवढ्या वर्षांत पिस्तूल एकदाही कुणावर काढलेलं नाही. त्यामुळे थरारक अनुभव वाचायला आला असाल तर निराशा होईल. रोज ते सांभाळताना काय काय करावं लागतं, तेवढंच इथे आहे.

कागद आधी

परवाना अजून नसेल, तर थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. या दोन्हींवर सगळं चालतं. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज एनडीएएलच्या (शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीच्या) पोर्टलवर भरायचा, नमुना ए-१, आणि त्याची प्रत कार्यालयात द्यायची. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. बाकी सगळीकडे जिल्हाधिकारी. मधे तुमच्या पोलीस ठाण्यापासून पोलीस अधीक्षक कार्यालयापर्यंत चौकशी होते. डॉक्टरचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते.

सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते 'कारण' या रकान्यात. "स्वसंरक्षणासाठी" एवढा एक शब्द लिहून भागत नाही. तुमचा धंदा काय, रोकड किती आणि कुठून कुठे जाते, आधी धमकी किंवा लुटीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे. साध्या भाषेत एक पान लिहा, खरं लिहा. नकार आला तर त्याची कारणं लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आणि एक. पुढाऱ्याचं पत्र जोडून परवाना पदरात पाडण्याचे दिवस आपल्या भागात भरपूर होऊन गेले. त्याचं काय झालं ते बीडमध्ये दिसलंच. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ज्यांच्यावर गुन्हे होते, ज्यांना गरज दाखवता येईना, त्यांची हत्यारं जमा झाली. परवाना हा तुमचा हक्क आहे असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली तो कधीही निलंबित होऊ शकतो.

परवान्याचं पुस्तक हातात आलं की ते चहा पिता पिता नव्हे, चष्मा लावून वाचा. तीन गोष्टी बघा. पहिली, क्षेत्र. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलं असेल तर उदगीरहून बीदरला, देगलूरहून पलीकडे तेलंगणात किंवा उमरग्याहून कलबुर्गीला जाताना पिस्तूल घरी राहिलं पाहिजे. आपली निम्मी सोयरीक निजामाच्या जुन्या मुलुखात आहे. हैदराबादला लग्नाला निघालेला माणूस सवयीने कमरेला लावतो आणि सीमेपलीकडे बेकायदा होऊन बसतो. दुसरी, काडतुसं. एका वेळी किती, वर्षाला किती, हा आकडा तुमच्या पुस्तकात असतो. मित्राच्या पुस्तकातला तुम्हाला लागू नाही. तिसरी, मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आधी तीन वर्षांचा होता. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान साठ दिवस आधी द्या. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर नव्हे, तिजोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला ती तारीख खडूने लिहून ठेवतो, कारण कालनिर्णय दर वर्षी बदलतं.

त्याच दुरुस्तीने शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. घरात आजोबांची बारा बोअर आणि वडिलांची पीकसंरक्षणाची बंदूक दोन्ही तुमच्याच नावावर असतील, तर पिस्तुलाला जागा उरलेली नाही. आधी ते मोकळं करा.

.३२ म्हणजे कोणतं .३२

आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ एमएम मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या मापात) आहे. .३८ सुद्धा. सिनेमात दिसतं ते बहुतेक याच दोनात येतं. कुणी "सेटिंग आहे, ९ एमएम देतो" म्हणाला तर तो तुम्हाला तुरुंग विकतोय. गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको. स्वस्त पडतो, आणि फुटला तर बोटं घेऊन जातो.

राहिलं .३२. यात नवखा हमखास फसतो, कारण .३२ दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला ठळक कडा असलेलं. पिस्तुलाचं आखूड, ज्याला .३२ एसीपी किंवा ७.६५ एमएम म्हणतात. हे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ मध्ये आणलं. सव्वाशे वर्षांचं जुनं काडतूस आपण आजही कमरेला लावतो. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं ".३२ ची पंचवीस द्या" म्हणू नका, "पिस्तुलाची" म्हणा आणि पाकीट उघडून बघा.

नवं घ्यायचं तर बहुतेकांची निवड सरकारी कारखान्यांच्या मालावर येते. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'अशनी' हे .३२ चं पिस्तूल. कानपूरचं 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, त्याचं चक्र बाजूला उघडतं. २०२१ पासून हे कारखाने नव्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले आहेत, पण मोंढ्यात अजून सगळे "ऑर्डनन्सचं" म्हणतात. परदेशी पिस्तुलाची सर्वसामान्यांसाठीची आयात कित्येक दशकांपासून बंद आहे, म्हणून बंदीआधी आलेली जुनी हत्यारं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. किमतीचा विषय निघालाच आहे तर: २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी ४० टक्के आहे, आधी २८ होता. जुन्या बिलावर हिशेब करू नका.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? मी पिस्तूल घेतलं, आणि कारण एकच: ते चपटं आहे. रिव्हॉल्व्हरचं चक्र सदऱ्याखाली फुगवटा दाखवतं. पण खरं सांगायचं तर ज्याला महिन्यातून एकदाही हत्यार हातात घेऊन सराव करायचा कंटाळा आहे, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. सहा काडतुसं, उघडलं की सगळी डोळ्यांसमोर. पिस्तुलात चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या बुडाशी बाराला तयार असलेलं, काडतूस दिसत नाही. सगळे अपघात तिथूनच सुरू होतात.

खरेदीनंतर क्रमांक परवान्यावर चढवून घेईपर्यंत काम संपलेलं नाही. कानपूरहून किंवा दुसऱ्या राज्यातून स्वतः आणणार असाल, तर वाटेतल्या राज्यांसाठी कोणता कागद लागेल ते निघण्यापूर्वी आपल्या परवाना शाखेत विचारा, परत आल्यावर नव्हे.

आधी मॅगझिन, मग स्लाइड

लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे आहे. पिस्तूल रिकामं करायचा क्रम पाठ करा.

नळी सुरक्षित दिशेला. आपल्या घरांत सुरक्षित दिशा शोधणं सोपं नाही. फरशीवरून गोळी उलटते, विटेची भिंत पातळ असते, वर भाऊ राहतो. मी कोपऱ्यात वाळूने भरलेली लोखंडी बादली ठेवली आहे. नळी तिच्याकडे. बोट घोड्याबाहेर (ट्रिगरबाहेर), चौकटीवर सरळ.

मग मॅगझिन काढा आणि बाजूला ठेवा.

मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, जोरात मागे ओढा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर उडून बाहेर पडेल. स्लाइड मागे धरून आत बघा, करंगळीने चाचपा. पुन्हा एकदा ओढा, पुन्हा बघा.

उलटा क्रम केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर काय होतं? स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये घालते. माणूस मॅगझिन काढतो, "रिकामं झालं" म्हणतो आणि खात्री करायला घोडा ओढतो. आमच्या ओळखीतल्या एकाने असंच स्वतःच्या दिवाणात भोक पाडलं. दिवाणाखाली गाद्या होत्या म्हणून निभावलं. तो वीस वर्षांचा जुना परवानाधारक होता, नवखा नव्हता.

चेंबरमध्ये काडतूस ठेवून हिंडावं की नाही, यावर परवानाधारकांच्या चहाच्या टपरीवर कायम वाद असतो. माझं मत ऐका. रिकामं ठेवा. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, सेफ्टी लावलेली. "वेळ आली तर स्लाइड ओढायला वेळ कुठे?" असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की गेल्या वर्षभरात तू किती वेळा पिस्तूल काढलंस आणि किती वेळा खाली पडलंस, गर्दीत ढकलला गेलास, मोटारसायकल घसरली? आपल्या रस्त्यांवर दुसरा आकडा कायम मोठा आहे.

अडकतं, आणि का अडकतं

माझ्या पिस्तुलाने पहिल्या पन्नास काडतुसांत तीन वेळा दगा दिला. रेंजवर. मी चिडलो, परत करायला निघालो होतो. तिथल्या प्रशिक्षकांनी मॅगझिन मागितलं, बघितलं आणि म्हणाले, "भरायला कोणी शिकवलं?" कोणीच शिकवलं नव्हतं.

.३२ एसीपीच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागे पूर्ण दाबायचं आणि वरच्याची कडा खालच्याच्या पुढे आहे ना ते बघायचं. भरून झाल्यावर मॅगझिन तळहातावर मागच्या बाजूने हलकं आपटायचं. यानंतर अडकणं जवळजवळ थांबलं. एक वेळा मात्र मॅगझिनची स्प्रिंगच ढिली निघाली, ती बदलून आणली. दोन मॅगझिनं असतील तर त्यांवर खूण करा, म्हणजे दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा हे कळेल.

घोडा ओढला आणि बार उडालाच नाही तर? नळी लक्ष्याकडेच, बोट बाहेर, मनात तीस अंक मोजा. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग मॅगझिन काढा, मग स्लाइड. उत्सुकतेने नळीत डोकावणारे मी पाहिलेत, मोठी शिकलेली माणसं.

सराव रेंजवरच. "शेतात कोण बघतं काका" हे ऐकून ऐकून कान किटले. शेतात बघणारं कोणी नसतं, तिथे म्हशीमागे गेलेलं पोरगं असतं. मराठवाड्यात रेंज हाताशी नाहीत, गाडी काढून जावं लागतं, आणि वर्षाची काडतुसं मोजकी. म्हणून घरी कोरडा सराव करा: काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, पिस्तूल दोनदा तपासलेलं, वाळूच्या बादलीकडे नळी. कव्हरमधून काढणं, परत घालणं, सेफ्टी. दहा मिनिटं. सराव संपला की मोठ्याने "संपला" म्हणायचं आणि मगच काडतुसांच्या खोलीत जायचं. वेड्यासारखं वाटतं खरं, पण काडतुसं भरल्यावर "अजून एकदा" करायचा मोह त्याने मोडतो.

रोजचं अंगावर वागवणं

२०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (कमरेच्या कव्हरमध्ये), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. सदरा वर करून मूठ दाखवत हॉटेलात बसणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते नियम मोडतातच, शिवाय कोणाला लुटायचं हेही आयतं सांगतात.

होल्स्टर असं हवं की घोड्याचा भाग पूर्ण झाकला जाईल आणि पिस्तूल उलटं धरलं तरी पडणार नाही. बाजारातली मऊ कापडी कव्हरं नकोत. त्यांची कडा आत दुमडते आणि परत घालताना घोड्यात येते. पिस्तूल परत घालताना घाई करूच नका, सदऱ्याची दोरी, जॅकेटची चेन, काहीही आत जातं.

जागा म्हणाल तर उजव्या कुल्ल्याच्या किंचित मागे. गाडी चालवताना सीटबेल्ट अडतो, म्हणून गाडीत बसायच्या आधी घरातच थोडं पुढे सरकवा. रस्त्यावर उभं राहून कमरेशी चाळा करू नका. डॅशबोर्डमध्ये मात्र कधीच ठेवू नका. गाडी धुवायला जाते, गॅरेजला जाते, भाचा घेऊन जातो.

शौचालय. हसू नका, पिस्तूल विसरण्याची पहिल्या क्रमांकाची जागा हीच आहे. पँट खाली गेली की पट्टा सैल पडतो आणि पिस्तूल फरशीवर आपटतं किंवा त्याहून वाईट जागी जातं. माणूस ते काढून फ्लशच्या टाकीवर ठेवतो आणि हात धुऊन निघून येतो. धाब्यावर असं विसरलेलं पिस्तूल पोराने गल्ल्यावर आणून दिल्याची गोष्ट मी एका परवानाधारकाच्याच तोंडून ऐकली आहे. पट्टा गुडघ्यावर ताणून धरा, पिस्तूल होल्स्टरमधून काढू नका. आणि जमलं तर घरूनच जाऊन या.

उन्हाळा हा आपला खरा शत्रू. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, घामाने चामडं भिजतं आणि त्यातलं मीठ पिस्तुलाला खातं. पावसाळ्यात दमट हवा तेच करते. रात्री पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, काढून पुसून वेगळं ठेवा. तेल अगदी थोडं. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ आणि, माझ्यासारख्या जिनिंगवाल्याच्या बाबतीत, कापसाचं तूस. जास्त तेल म्हणजे त्या तुसाला आमंत्रण. मी एकदा स्लाइड उघडली तर आत अक्षरशः वात तयार झालेली होती, निरांजनात लावता आली असती. आठवड्यातून एकदा उघडून कोरड्या फडक्याने पुसणं, नळीतून ब्रश, घासणाऱ्या जागांवर एकेक थेंब, बस. अंगावर वागवलेली काडतुसंही घाम पितात. वर्षातून एकदा ती रेंजवर वापरून टाका आणि नवी घ्या. रिकाम्या पुंगळ्या आणि काडतुसांची बिलं जपून ठेवा, हिशेब कधीही विचारला जातो.

घरी असताना ते लोखंडी कपाटात, मॅगझिन वेगळ्या कप्प्यात. प्रश्न कपाटाचा नसतो, चावीचा असतो. आमच्याकडे चावी देवघरात फोटोमागे असायची, म्हणजे घरातल्या सातही जणांना ठाऊक. एक दिवस सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, नातू आता स्टुलावर चढायला लागलाय." त्या दिवशी आकड्यांचं कुलूप आणलं. आकडा फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, आणि तो कुणाच्या वाढदिवसाचा नाही.

कुठे न्यायचं नाही

परवान्याच्या अटींतच आहे: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार. म्हणजे माळेगावची यात्रा नाही, तुळजापूरचं नवरात्र नाही, मुलाच्या शाळेतलं स्नेहसंमेलन नाही. मुलाला शाळेत सोडायला जाताना फाटकाच्या आत गेलात तरी अट मोडली. विमानतळावर कमरेला किंवा हातातल्या सामानात तर विचारही करू नका. न्यायचंच असेल तर आधी विमान कंपनीला विचारून, जाहीर करून, तिच्या नियमाप्रमाणे मोठ्या सामानात.

लग्नाचं वेगळं सांगतो. वरात मारुतीच्या पारावर आली की मेहुणा कानात म्हणतो, "दाजी, एक बार होऊन जाऊ द्या." २०१९ पासून आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवात पाचशे माणसं असतात. मी लग्नाला पिस्तूल नेतच नाही. त्यामुळे मेहुण्याला नाही म्हणायची वेळ येत नाही आणि नातंही टिकतं. दारू प्यायची असेल त्या दिवशी तर कपाटच उघडायचं नाही. मोबाइलवर फोटो, रील, वाढदिवसाच्या केकशेजारी पिस्तूल, यांवरून गुन्हे दाखल होतात आणि पुरावा तुम्हीच गावभर पाठवलेला असतो.

वेळ आलीच तर

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. पूर्वी दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. एकदा वकिलाकडे बसून समजून घ्या, तासाभराचं काम आहे. मला समजलेलं सार इतकंच की बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणं यात बसत नाही, बॅग त्याच्या हातात असली तरी.

माझ्यावर वेळ आली ती गंगाखेड रोडवर, रात्री दहाच्या सुमारास. दोन मोटारसायकली, एक पुढे हळू झालेली, एक मागे चिकटलेली. हात कमरेला गेला, नाही म्हणत नाही. पण गाडीत बसून सीटबेल्टखालून ते निघेना. मग दारं लॉक केली, हॉर्नवर हात दाबून ठेवला, डावीकडून चाक शेताच्या कडेला घालून पुढे काढली आणि पेट्रोल पंपाच्या उजेडात जाऊन थांबलो. तिथून ११२ ला फोन. मोटारसायकली पंपाच्या अलीकडूनच वळल्या. खरंच लुटारू होते की दारू पिलेली पोरं, मला आजही माहीत नाही. पिस्तूल निघालं असतं तर ते माहीत नसतानाच बार झाला असता. त्यानंतर मी रोकड संध्याकाळी सहानंतर हलवणं बंद केलं.

निवडणूक आणि जमा करणं

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. सगळ्यांचीच शस्त्रं सरसकट जमा करायची नसतात, जिल्ह्याची छाननी समिती कोणाची घ्यायची ते ठरवते. खरी गरज असेल तर समितीकडे लेखी अर्ज करून सवलत मागता येते, पण नोटीस आल्यावर टाळाटाळ करू नका.

जमा करण्याआधी पिस्तूल नीट पुसा आणि इथे मात्र तेलाचा हात सढळ ठेवा. माझं एकदा दोन महिन्यांनी मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस कडा आलेली होती. ठाण्यातल्या कपाटाचा काय दोष, मीच घामेजलेलं तसंच नेऊन दिलं होतं. होल्स्टर सोबत देऊ नका. पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, नुसतं "एक नग पिस्तूल" चालवून घेऊ नका. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवा. तुमचं काही बरंवाईट झालं तर वारसांना आधी हत्यार जमा करावं लागतं, मग पुढचं. हयातीतच वारसाच्या नावावर करायचं असेल तर तुम्ही सत्तरीला आल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर त्याला अर्ज करता येतो. माझा मुलगा नको म्हणतो. पुण्यात असतो, त्याला लागत नाही.

निकालानंतर परत घेताना टेबलावरच क्रमांक ताडून बघा, काडतुसं मोजा, मॅगझिन काढून चेंबर तपासा, आणि मग रजिस्टरवर सही करा.